बँकॉकला प्रथमच जाताना

(द्वितीय वर्ष कला)

'बँकॉक' हा शब्द आपल्याकडे दोन तऱ्हांनी घेतला जातो. पुरुषमंडळी तो गालातल्या गालात हसत उच्चारतात आणि बायका तो ऐकून उठून आत जातात. आमच्या तालुक्यात खते-बियाण्यांच्या दुकानदारांनी विक्रीचा ठरलेला आकडा गाठला की कंपन्या त्यांना थायलंडची सहल देतात, त्यामुळे बाजारपेठेत हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. गेल्या वर्षी खरिपाची धावपळ ओसरल्यावर माझ्या मामांना अशी दोन तिकिटे मिळाली. मामी जायला तयार झाल्या. पण चाळीस दुकानदारांत बाईमाणूस त्या एकट्याच. सोबतीला कुणीतरी हवे आणि "हिला इंग्रजी येतं", या दोन कारणांनी मामांनी पदरचे पैसे घालून माझे तिसरे तिकीट काढले. मामांचे शिक्षण सातवीपर्यंत, मामींचे चौथीपर्यंत. आमच्या दोन्ही घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच.

परत आल्यापासून गावातली माणसे मला काही ना काही विचारत असतात. कागद कोणते लागतात, जेवायचे काय, फसवतात का. त्यांना तोंडी जे सांगितले ते एकत्र लिहून काढावे, एवढाच या लेखाचा हेतू. कंपनीच्या पहिल्या दोन दिवसांविषयी मी काही लिहिणार नाही. पुढचे तीन दिवस आम्ही तिघांनी गटापासून वेगळे होऊन शहर पाहिले, त्या आधारावर हे सारे आहे.

प्रथम कागदपत्रे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून व्हिसाशिवाय प्रवेश देण्यास सुरुवात केली आणि 15 जुलै 2024 पासून त्या मुक्कामाची मर्यादा 60 दिवसांची केली. असे नियम सरकारे फिरवीत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. 1 मे 2025 पासून प्रत्येक प्रवाशाला आगमनपत्र संगणकावर किंवा फोनवर आगाऊ भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला एक पैसाही पडत नाही. कुणी शुल्क मागितले तर आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे समजावे. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवावे. खर्चाला पैसे किती आहेत असेही अधिकारी विचारू शकतो.

आमच्यासारख्या घरांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. जी व्यक्ती दहावी उत्तीर्ण नाही, तिच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' असा शेरा असतो. म्हणजे काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर सरकारची परवानगी आवश्यक. त्या देशांच्या यादीत थायलंड आहे. मामा-मामी दोघांच्याही पासपोर्टवर हा शेरा होता आणि "आपल्याला विमानतळावरून परत पाठवतील" या धास्तीने मामींनी दोन रात्री झोप घेतली नाही. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2007 पासून नोकरीखेरीज इतर कारणासाठी जाणाऱ्यांना ही परवानगी लागत नाही. अधिकाऱ्याने मामांना दोन प्रश्न जास्त विचारले, परतीचे तिकीट पाहिले आणि शिक्का मारला. कमी शिकलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

मुंबईहून विमानाला साडेचार तासांच्या आसपास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते. शहराला दोन विमानतळ आहेत. जुना डॉन मुआंग आणि 2006 साली सुरू झालेला सुवर्णभूमी. परतीच्या तिकिटावर कोणता आहे ते नीट पाहावे, कारण दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. सुवर्णभूमी हे नाव वाचून आपल्याला आपले वाटते. पण थाई लोक त्याचा उच्चार 'सुवन्नफूम' असा काहीसा करतात. टॅक्सीवाल्यापुढे शुद्ध संस्कृतात 'सुवर्णभूमी' म्हणून भागत नाही.

विमानतळाच्या तळघरातून शहरात जाणारी रेल्वे आहे. अर्ध्या तासात ती फाया थाई स्थानकावर पोहोचवते आणि तिथून उंचावरून धावणारी शहराची आगगाडी मिळते. सामान थोडे असेल तर हाच मार्ग उत्तम. या रेल्वेच्या फाटकाजवळ पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या आहेत. त्यांचा भाव वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांपेक्षा बरा असतो. तिथले चलन बाट. अलीकडे एक बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान पडतो. आपल्या बँकेचे कार्ड तिथल्या यंत्रात घातले तर दर खेपेला दोनशेहून अधिक बाट नुसता आकार कापला जातो, म्हणून रोज थोडे-थोडे काढण्याची सवय तिथे महागात पडते. टॅक्सी घ्यायची तर तळमजल्यावरच्या अधिकृत रांगेतूनच घ्यावी. यंत्रातून एक चिठ्ठी निघते, ती ड्रायव्हरने मागितली तरी देऊ नये. तक्रारीची वेळ आली तर तीच उपयोगी. मीटर 35 बाटपासून सुरू होतो, वर विमानतळाचा 50 बाट आकार आणि उड्डाणमार्गाचा टोल आपणच द्यायचा असतो. हे ठाऊक नसले की माणूस उगाच भांडतो.

आता भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडचा माणूस परदेशाला घाबरतो तो पैशापेक्षा इंग्रजीला. "आपल्याला धड बोलता येत नाही, तिथे हसतील" ही भीती माझ्याही मनात होती. शहरी शाळांतल्या मुलींपुढे इंग्रजी बोलताना माझी जीभ आजही जड होते. पण बँकॉकमध्ये ही भीती दुसऱ्याच दिवशी गेली. थायलंडवर युरोपियनांचे राज्य कधी आले नाही. त्यामुळे इंग्रजी ही तिथे साहेबाची भाषा नाही; ती केवळ पाहुण्यांशी बोलण्याची, मोडकीतोडकी, कामापुरती भाषा आहे. भाजीवाली, बोटीवरची तिकीटवाली, रस्त्यावरचा पोलीस, कुणालाच ती धड येत नाही आणि त्याची कुणाला लाजही नाही. माझी जोडवाक्ये तिथे निरुपयोगी ठरली आणि मामांचे बोट दाखवून बोलणे चालले. दुकानदार गणकयंत्रावर आकडा मांडून पुढे करतो, मामा तो पुसून आपला आकडा मांडत. खते विकताना आयुष्यभर त्यांनी दुसरे काय केले?

थाई भाषेत स्वराच्या चढउतारावर अर्थ ठरतो. 'माइ' हाच आवाज सुरानुसार 'नाही', 'नवा', 'लाकूड' असे निरनिराळे अर्थ देतो. तेव्हा चार दिवसांत बोलायला शिकण्याच्या नादी लागू नये. कागद तयार करावा. हॉटेलच्या टेबलावर थाई लिपीतला पत्ता छापलेले कार्ड मिळते, ते प्रत्येकाच्या खिशात एक-एक हवे. ज्या ठिकाणी जायचे त्यांची नावे हॉटेलातल्या मुलीकडून थाईत लिहून घ्यावीत. फोनवर भाषांतर होते हे खरे, पण फोनची बॅटरी संपते. मामींच्या बटव्यातला कागद संपत नाही. दोन शब्द मात्र पाठ करावेत. 'सवास्दी' म्हणजे नमस्कार. हा शब्द आपल्या 'स्वस्ति'वरून घडवलेला असून 1943 साली तो सरकारी रीतीने रूढ केला गेला. दुसरा, वाक्याच्या शेवटी आदरार्थी जोडायचा शब्द. पुरुषाने 'ख्रप' म्हणायचे, बाईने 'खा'. हात जोडून हे दोन शब्द म्हटले की समोरचा माणूस निम्मा आपला होतो.

पत्त्यांची रीत एकदा समजली की शहर सोपे आहे. मोठ्या रस्त्याला 'थनोन' आणि त्यातून फुटणाऱ्या गल्लीला 'सोय' म्हणतात. गल्ल्यांना आकडे असतात. विषम आकडे एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला. पण 23 च्या बरोबर समोर 22 असेलच असे नाही. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. संध्याकाळी रस्ते तुंबतात, त्या वेळी टॅक्सीत बसणे म्हणजे मीटरकडे पाहत बसणे. त्यापेक्षा 1999 साली सुरू झालेली वरची आगगाडी आणि 2004 साली सुरू झालेली भुयारी रेल्वे बरी. फलाटावर बाणांच्या खुणा असतात, लोक त्यांप्रमाणे रांगेत उभे राहतात आणि उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. हे पाहून मामींना आमचा एसटी स्टँड आठवला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

पण खरा प्रवास नदीतला. साथोर्न धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतली रोजची प्रवासी बोट घ्यावी. पर्यटकांसाठी वेगळी महाग बोट असते. तिच्या तिकिटासाठी हाका मारतात, तिकडे लक्ष देऊ नये. नारिंगी झेंड्याच्या साध्या बोटीत शाळेची मुले, भिक्षू, कचेरीत जाणाऱ्या बायका अशी सगळी शहराची माणसे भेटतात. था चांग धक्क्याला राजवाडा. था तिएनला वाट फो, जिथे 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. तिथूनच लहान नावेने पलीकडे गेले की वाट अरुण, म्हणजे अरुणाचे मंदिर.

राजवाड्याबाहेर एक प्रकार हमखास घडतो. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक सभ्य गृहस्थ आपणहून जवळ येतो. त्याचे इंग्रजी उत्तम असते, मधूनच "नमस्ते इंडिया" म्हणतो. "आज राजवाडा बंद आहे, धार्मिक सण आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटमध्ये चार देवळे दाखवील." टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा. ती देवळांपाशी थोडा वेळ थांबते आणि मग जवाहिराच्या किंवा शिंप्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहते. गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल रिक्षावाल्याला दुकानाकडून पेट्रोलची कुपने किंवा दलाली मिळते आणि आपल्या गळ्यात 'सरकारी सवलती'चे खडे पडतात. आम्हालाही असा गृहस्थ भेटला. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागणार, तोच मामांनी माझा दंड धरून पुढे ओढले. "अगं, चांगलं बोलतोय तो," मामी म्हणाल्या. मामा म्हणाले, "म्हणूनच. एवढ्या गावात एकालाच आपली काळजी कशी?" राजवाडा उघडाच होता. तो सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनपर्यंत आत सोडतात आणि परदेशी माणसाला 500 बाट तिकीट आहे. बंद आहे की नाही हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारावे, रस्त्यात नव्हे.

तिकीट महाग वाटते, पण आपल्या माणसांनी ते काढावेच, असे माझे मत आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; मामींची साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतल्यावर, बिनतक्रार चालली. आत पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. मूर्ती हिरव्या दगडाची, दोन फुटांहून थोडी उंच, फार वर ठेवलेली. पण आम्ही अडकलो ते भोवतालच्या ओवऱ्यांत. भिंतीवर 178 चित्रांतून रामायण काढले आहे. थाई लोक त्याला 'रामकियन' म्हणतात. 1782 साली ही राजधानी वसवणारा राजा पहिला राम म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याच दरबारात या कथेची मोठी थाई संहिता तयार झाली. त्यांची आधीची राजधानी अयुथया; नाव अयोध्येचेच, ती 1767 साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. चित्रांतला दशकंठ हिरव्या तोंडाचा, हनुमान पांढरा. आणि तो ब्रह्मचारी नाही! बिभीषणाच्या मुलीशी, समुद्रातल्या मत्स्यकन्येशी त्याची प्रेमप्रकरणे आहेत. हे मी माहितीफलकावरून वाचून सांगितले तेव्हा मामींनी कानांवर हात ठेवले. पण बाकीची चित्रे मामांनीच मला समजावून दिली. सेतू कुठला, कुंभकर्ण कुठला, इंद्रजिताचा बाण कुठला. लहानपणापासून पारायणे ऐकलेल्या माणसाला फलकाची गरज पडली नाही. परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचा भव्य देखावा उभा केला आहे, तोही चुकवू नये.

रीतीभातींपैकी काही नुसत्या सौजन्याच्या आहेत, काही कायद्याच्या. कुणाच्या डोक्याला हात लावू नये, मूर्तीकडे पाय करून बसू नये, बाईने भिक्षूला स्पर्श करू नये. सकाळी 8 आणि सायंकाळी 6 वाजता स्थानकांवर व बागांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा जागच्या जागी उभे राहावे. राजघराण्याविषयी मात्र थट्टेतही बोलू नये. त्यांच्या दंडसंहितेच्या 112 व्या कलमाखाली एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षे कैद आहे. नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून खाली पडलेली नोट पायाने दाबून थांबवणेही वाईट. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे. बुद्धाची मोठी मूर्ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही.

जेवणाचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. मांसाहार करणाऱ्याची चंगळ आहे. शाकाहाऱ्याने समजून घ्यावे की वरून नुसत्या भाजीभातासारख्या दिसणाऱ्या पदार्थातही मासळीचे खारे पाणी, 'नाम प्ला', असते आणि करणाऱ्याला ते मांस वाटतच नाही. दोन शब्द उपयोगी. 'मांग्सविरत', म्हणजे सरळ 'मांस-विरती'. यात अंडे-दूध चालते. आणि 'जे', यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. 'जे'च्या दुकानावर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर तांबडे अक्षर, जे आपल्याला इंग्रजी 17 या आकड्यासारखे दिसते. मामींचा गुरुवार या 17 नंबरने पार पाडला. वर्षातून एकदा, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, हे झेंडे जिकडेतिकडे लागतात. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा हा पदार्थ नारळीभाताचा चुलतभाऊ आहे, जरूर खावा. अगदीच घरची आठवण झाली तर पाहुरात भागात जावे. तिथे गुरुद्वारा आहे, भारतीय कापडाची दुकाने आणि चपात्या आहेत. नळाचे पाणी पिऊ नये, बाटल्या कोपऱ्याकोपऱ्यावर स्वस्त मिळतात. आणि वडीलधाऱ्यांची एक न बोललेली चिंता असते, तिचे उत्तर असे की तिथल्या बहुतेक स्वच्छतागृहांत पाण्याची नळी असते.

बायकांनी जावे का? जावे. रात्री नऊ-दहाला मी आणि मामी दोघीच स्थानकापासून हॉटेलपर्यंत चालत आलो. रस्त्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या, बहुतेक चालवणाऱ्या बायकाच, आणि कुणी वळून पाहिले नाही. ज्या गल्ल्यांमुळे हे शहर आपल्याकडे बदनाम आहे, त्या ठरावीक आहेत. तिकडे गेल्याशिवाय त्या आपल्या वाटेत येत नाहीत. तिथे हातात पत्रक घेऊन स्वस्तात 'शो' दाखवतो म्हणणारे असतात आणि आत गेलेल्याला बाहेर पडताना भलतेच बिल भरावे लागते, एवढे सांगून हा विषय सोडते. अडचण आल्यास पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आणि रुग्णवाहिकेचा 1669. आपला दूतावास सुखुमवित रस्त्याच्या 23 व्या गल्लीत आहे.

इथवरच्या गोष्टींत फार तर पैसे जातात. पुढच्या दोहोंत माणूस जातो, आणि त्या आपल्या वयाच्या मुलांविषयी आहेत.

एक म्हणजे दुसऱ्याची पिशवी. थायलंडने 2022 साली गांजावरची बंदी उठवली आणि 2025 साली पुन्हा निर्बंध आणले. आपल्याकडे तो गुन्हाच आहे. बँकॉकहून गांजा आणताना मुंबई विमानतळावर माणसे पकडली गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यांतल्या काहींना "तिकीट-हॉटेल आमचे, येताना फक्त एक पिशवी आण" असे सांगितलेले असते. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात मोठ्या प्रमाणातील मालाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. फुकट सहल कुणी देऊ लागले तर ती कशाबद्दल, हे विचारावे. मामांच्या सहलीमागे निदान खताच्या गोण्यांचा हिशोब होता.

दुसरी गोष्ट नोकरीची. मी परतल्यावर शेजारच्या गावचा एक मुलगा घरी आला. बारावी झालेला, टंकलेखन येणारा. त्याला फोनवर 'बँकॉकमध्ये डेटा एंट्री'ची नोकरी सांगितली होती. पगार इथल्या तिप्पट, राहणे-जेवण फुकट, व्हिसा नको, मुलाखतही फोनवरच. बोलणारा मराठी होता आणि त्याला 'भाऊ' म्हणत होता. या प्रकाराविषयी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच जाहीर इशारा दिला आहे. विमानतळावर गाडी घ्यायला येते, पण ती शहरात जात नाही. पश्चिमेला सात-आठ तास धावून माए सोत या सीमेवरच्या गावी पोहोचते. तिथे नदी ओलांडली की म्यानमार. पलीकडच्या कुंपणाआड पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून, संगणकावरून लोकांना फसवण्याचे काम मारहाण करून करवून घेतात. मार्च 2025 मध्ये अशा सुमारे साडेपाचशे भारतीयांना माए सोतहून वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की पर्यटक म्हणून थायलंडमध्ये शिरलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही. आधी रीतसर व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. "आधी या, परवाना मागून करू" असे जो म्हणतो, तो खोटे बोलतो. त्याने विचारले, "पण तो तर आपल्याच जिल्ह्यातला आहे ना, ताई?" मामा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मग त्याला म्हणावं, दुकानावर ये, चहा पी आणि कागद दाखव." त्याने तसा निरोप पाठवला. त्यानंतर तो क्रमांक लागेनासा झाला. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवण्याचा परवाना असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या संगणकावरही ती उघडते, मी पाहिली आहे.